एका गाण्याचे अकरा वाटेकरी: ‘अपटाउन फंक’चं श्रेय असं का विभागलं गेलं?

‘अपटाउन फंक’ची अधिकृत श्रेयनामावली काढून पाहा. गाणं साडेचार मिनिटांचं, आणि लिहिणाऱ्यांच्या रकान्यात नावं अकरा. त्यातलं एक नाव रॉबर्ट विल्सन यांचं आहे. ते २०१० साली वारले. गाणं बाजारात आलं १० नोव्हेंबर २०१४ ला. हयात नसलेला माणूस चार वर्षांनंतरच्या गाण्याचा सहलेखक कसा झाला, हे ज्याला कळलं त्याला गाण्यांच्या मालकीचा बहुतेक सगळा कारभार कळला.

गाणं कुणाचं, हे आधी पाहू. मुख्य नाव मार्क रॉन्सन या लंडनमध्ये जन्मलेल्या निर्मात्याचं, गायक हवाईचा ब्रूनो मार्स. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत हे गाणं सलग १४ आठवडे पहिलं राहिलं. २०१५ या अख्ख्या वर्षाच्या यादीतही पहिलं, आणि पुढे त्या दशकाच्या यादीतही पहिलं. वरातीत, गॅदरिंगला, जिममध्ये, क्रिकेटच्या मैदानावर, कुठे ना कुठे ते तुमच्या कानावर पडलेलं असणारच. आणि त्याच्या व्हिडिओखाली कुणी तरी ‘ही तर चोरीची चाल’ असं लिहिलेलंही तुम्ही वाचलं असेल. ‘चोरीची चाल’ या आरोपात बरंच काही एकत्र कालवलं गेलंय. ते सुटं करून पाहणं गरजेचं आहे.

रचना वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं

प्रत्येक गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ती कागदावर उतरवता येते, पेटीवर वाजवता येते, कुणीही गायलं तरी तीच राहते. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग: अमुक गायकाने, अमुक वादकांनी, अमुक स्टुडिओत केलेलं ते एकच ध्वनिमुद्रण. पुरणपोळीची कृती आणि ताटात आलेली पुरणपोळी यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन्हींत. कृती आजीची असू शकते, पोळी मात्र ज्याने लाटली त्याची.

हा फरक याच गाण्याच्या बाबतीत लख्ख दिसला. ब्रिटनमध्ये हे गाणं जानेवारी २०१५ मध्ये विक्रीला यायचं होतं. डिसेंबरमध्ये ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्लर ईस्ट हिने ते गायलं, आणि तिचं रेकॉर्डिंग आयट्यून्सवर तिथे थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं अजून दुकानात नाही आणि दुसरीचंच खपतंय, अशी अवस्था झाली. रचनेच्या मालकांचं त्यात नुकसान नव्हतं. कुणीही गायलं तरी त्यांचा वाटा त्यांना मिळतोच. रेकॉर्डिंगच्या मालकाला मात्र त्यातून एक पैसाही येत नव्हता. म्हणून कंपनीने तारीख पाच आठवडे अलीकडे ओढली.

अकरा नावांचा प्रश्न फक्त रचनेचा आहे. रेकॉर्डिंगच्या मालकीवर त्याचा परिणाम होत नाही.

फंकमध्ये उचलण्यासारखं नेमकं काय असतं?

फंक ही साठीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली नाचाची संगीतशैली. तिचं मर्म जेम्स ब्राउन आपल्या वादकांना ‘द वन’ म्हणून शिकवायचे: चार मात्रांतली पहिली मात्रा अशी पकडायची की बाकी सगळं तिच्यापाशी परत यावं. आपण त्याला सम म्हणतो. तबलजी जसा समेवर येतो तसे फंकमधले ड्रम, बास, गिटार आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) सगळे एका वेळी तिथे येऊन आदळतात, आणि मधल्या जागेत प्रत्येक जण अगदी थोडं वाजवतो. त्या मोकळ्या जागेनेच पाय हलतात.

‘अपटाउन फंक’ची लय मिनिटाला ११५ ठोक्यांची, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन दोन सेकंदांहून जरा जास्त. सबंध गाणं जवळजवळ दोनच कॉर्डवर चालतं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. पेटी असेल तर करून पाहा. काळी-पांढरी कुठलीही पट्टी घ्या. आधी सा, कोमल ग, प, कोमल नि एकदम दाबा. मग म, शुद्ध ध, वरचा सा आणि त्यावरचा कोमल ग. या दोन्हींत आलटून पालटून राहा. वापरलेले स्वर पाहिलेत? कोमल ग, कोमल नि, बाकी शुद्ध: हा सरळ सरळ काफी थाट आहे. दोन्ही कॉर्डपैकी कशावरही गाणं ‘संपलं’ असं वाटत नाही, म्हणून ते चालूच राहावंसं वाटतं.

आता प्रश्न असा: काफी कुणाच्या मालकीचा? कुणाच्याच नाही. समेवर जोर देणं कुणाच्या मालकीचं? तेही कुणाचं नाही. दोन कॉर्डवर फिरत राहणं, तुटक गिटार, ब्रासचे फटकारे, हे शैलीचे घटक आहेत. राग कुणाचा नसतो, बंदिश मात्र कुणाची तरी असते. कॉपीराइटचा कायदा बंदिशीला संरक्षण देतो, रागाला देत नाही. पुढचे सगळे वाद राग कुठे संपतो आणि बंदिश कुठे सुरू होते, या एकाच रेषेवरचे आहेत.

मग इथे बंदिश कुणाची घेतली?

गाण्याची सुरुवात ब्रूनो मार्सच्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नुसत्या वाजवण्यातून झाली: मार्स ड्रमवर, रॉन्सन बासवर, जेफ भास्कर सिंथेसायझरवर. फिलिप लॉरेन्स हे मार्सचे नेहमीचे सहलेखक. हे झाले मूळ चार.

दोन नावं पहिल्या दिवसापासून होती: ट्रिनिडाड जेम्स आणि डेव्हन गॅलस्पी. ट्रिनिडाड जेम्स हा अटलांटाचा रॅपर. ‘डोन्ट बिलीव्ह मी, जस्ट वॉच’ ही ओळ त्याच्या २०१२ च्या ‘ऑल गोल्ड एव्हरीथिंग’ची. गॅलस्पी हा त्या गाण्याचा निर्माता. ‘अपटाउन फंक’मध्ये ती वारंवार येते, तिच्यामागून ब्रास घुसतो, आणि नाचणारे त्याच क्षणाची वाट पाहत असतात. त्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा कापून वापरलेला नाही, मार्सने ओळ नव्याने म्हटली आहे. या धंद्यात कापून घेतलेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात, आणि पुन्हा गाऊन-वाजवून घेतलेल्या भागाला इंटरपोलेशन. सॅम्पल घ्यायचं तर रचना आणि रेकॉर्डिंग अशा दोन्ही मालकांची परवानगी लागते. इंटरपोलेशनला फक्त रचनेच्या मालकाची. ती आधीच घेतली गेली होती.

उरलेली पाच नावं गॅप बँडची आहेत: चार्ली, रॉनी आणि रॉबर्ट हे तीन विल्सन बंधू, रुडॉल्फ टेलर आणि निर्माते लॉनी सिमन्स. हा ओक्लाहोमातल्या टल्सा गावचा बँड. ‘ऊप्स अपसाइड युअर हेड’ या नावाने ओळखलं जाणारं त्यांचं गाणं १९७९ चं. ‘अपटाउन फंक’च्या शेवटच्या भागात सगळे मिळून ‘अपटाउन फंक यू अप’ असा घोष करतात, तो भाग ऐका आणि लगेच ते १९७९ चं गाणं लावा. दोन्हीकडे इंग्रजी उच्चारात ओळ पाच अक्षरांची. दोन्हीकडे ती एकाने न गाता जमावाने म्हटलेली, वारीत पालुपद उचलावं तशी. दोन्हीकडे लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. इथे फक्त शैली सारखी आहे असं म्हणणं अवघड जातं, साचाच तो दिसतो.

सतरा टक्के आले कुठून?

२०१५ च्या सुरुवातीला गॅप बँडच्या बाजूच्या प्रकाशन कंपनीने यूट्यूबच्या हक्कनोंदणीत दावा टाकला. संगीतातली प्रकाशन कंपनी रचनेच्या हक्कांची वसुली करते. यूट्यूबच्या नोंदणीत प्रत्येक प्रकाशक ‘माझा इतके टक्के’ असं नोंदवतो. बेरीज शंभराच्या वर गेली की यंत्रणा रचनेचे पैसे अडकवून ठेवते. सातबाऱ्यावर कुणी हरकत घेतली की फेरफार थांबतो, तसंच. जगातलं सगळ्यात जास्त वाजणारं गाणं, आणि रचनेचे पैसे अडकलेले.

त्यातच १० मार्च २०१५ ला लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याविरुद्ध निकाल दिला: दिवंगत गायक मार्विन गे यांच्या वारसांना सुमारे ७४ लाख डॉलर द्या. ही रक्कम नंतर कमी झाली, पण २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. त्या खटल्यात थेट उचललेली ओळ दाखवता येत नव्हती. मुद्दा एकूण वातावरण सारखं असल्याचा होता. संगीतधंद्याला धडकी भरली ती यामुळे.

मग वाटाघाटी होऊन गॅप बँडच्या पाच जणांना मिळून १७ टक्के ठरले. हा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. अशा वेळी संगीतशास्त्राचे जाणकार दोन्ही गाणी समोर ठेवतात. स्वर किती जुळतात, ताल किती, शब्द किती, जुळणारा भाग गाण्यात किती वेळ येतो आणि गाण्याच्या ओळखीचा तो भाग आहे की कोपऱ्यातला, हे मोजतात. मग दोन्ही बाजू घासाघीस करतात.

पैशात ते कसं दिसतं, हे पाहू. त्या काळी अमेरिकेत एका डाउनलोडमागे रचनेचा कायद्याने ठरलेला दर ९.१ सेंट होता. दहा लाख डाउनलोड धरले तर ९१,००० डॉलर. त्यातले १७ टक्के म्हणजे १५,४७० डॉलर गॅप बँडच्या पाच जणांचे, माणशी ३.४ टक्के, म्हणजे ३,०९४ डॉलर. ट्रिनिडाड जेम्स आणि गॅलस्पी यांचे मिळून १५ टक्के, प्रत्येकी ६,८२५ डॉलर. उरलेले ६८ टक्के मूळ चौघांत, प्रत्येकी १७ टक्के. तडजोडीआधी त्या प्रत्येकाचे २१.२५ टक्के होते, म्हणजे दर दहा लाखांमागे माणशी ३,८६७ डॉलरची घट. प्रत्येकाच्या वाट्यातून त्याच्या प्रकाशकाचा हिस्सा वेगळा जातो. ट्रिनिडाड जेम्स आणि गॅलस्पी यांच्या वाट्याला हात लागला नाही, गॅप बँडचे १७ टक्के पूर्णपणे मूळ चौघांच्या ८५ मधून गेले, हेही लक्षात घ्या.

रेडिओचा हिशेब आणखी वेगळा. अमेरिकेतली नेहमीची रेडिओ स्टेशनं गाणं वाजवल्याबद्दल फक्त रचनेचे पैसे देतात, रेकॉर्डिंगचे देत नाहीत. म्हणून तिथे रेडिओवर धो-धो वाजणाऱ्या गाण्यात रचनेचे तीन-चार टक्केही मोलाचे असतात.

चोरी होती तर ग्रॅमी कसं मिळालं?

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत या गाण्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ मिळालं. ‘साँग ऑफ द इयर’च्या पाच नामांकनांत मात्र ते नव्हतं. नावं ऐकून दोन्ही पुरस्कार एकच वाटतात, पण पहिला रेकॉर्डिंगचा, म्हणजे गायक, निर्माते आणि ध्वनिमुद्रकांचा, आणि दुसरा रचनाकारांचा.

आणि ते रेकॉर्डिंग कष्टाचं आहे. हे काम अर्ध्या वर्षाहून जास्त रेंगाळलं. गिटारच्या एका तुकड्यासाठी रॉन्सनने इतके टेक दिले की ताणाने तो जेवणाच्या सुट्टीत घेरी येऊन पडला. ब्रास वाजवणारे न्यूयॉर्कच्या डॅप-किंग्ज आणि अँटिबालास या बँडमधले, म्हणजे वर्षानुवर्षं हीच शैली जगणारे लोक. त्या आवाजातली धार कॉम्प्युटरवर नुसते नमुने चिकटवून आलेली नाही. घोषाची ओळ गॅप बँडची, हे मान्य करूनही हे रेकॉर्डिंग उत्तम आहे असं मी ठामपणे म्हणेन.

मग बाकीच्यांनीही दावे केले, त्यांचं काय?

केले. मिनिआपोलिसच्या कोलाज या बँडच्या बाजूने २०१६ मध्ये १९८३ च्या ‘यंग गर्ल्स’साठी दावा आला. २०१७ मध्ये झॅपच्या १९८० च्या ‘मोअर बाउन्स टु द आउन्स’साठी, आणि द सीक्वेन्स या तीन स्त्री-रॅपरांच्या १९७९ च्या ‘फंक यू अप’साठी. कोलाजचा दावा २०१८ मध्ये निकालापर्यंत न जाताच बंद झाला.

हे दावे एका मापाने मोजू नयेत. ‘फंक यू अप’ हे शब्द सारखे आहेत, पण तीन शब्दांचा वाक्प्रचार एवढ्यावर मालकी सांगणं कठीण, त्याची चाल आणि ताल पाहावे लागतात. झॅपच्या प्रकरणात टॉक बॉक्सचा मुद्दा होता. टॉक बॉक्स म्हणजे वाद्याचा आवाज प्लास्टिकच्या नळीतून वादकाच्या तोंडात सोडायचा आणि ओठांनी त्याला शब्दाचा आकार द्यायचा, जेणेकरून वाद्यच बोलतंय असं वाटतं. झॅपच्या रॉजर ट्राउटमन यांनी ते कमालीच्या उंचीवर नेलं. पण ते वाजवण्याचं तंत्र आहे. मींड कुणाच्या मालकीची नसते, तसं तेही कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, आणि होऊही नये.

‘सात सेकंदांपर्यंत चालतं ना?’

नाही. सात सेकंद, आठ मात्रा, पाच स्वर, असा कुठलाही सूट देणारा नियम भारतात नाही, अमेरिकेतही नाही. आपल्याकडे रील बनवणाऱ्यांपासून शाळेच्या गॅदरिंगचं एडिटिंग करणाऱ्यांपर्यंत हा समज घट्ट बसलाय आणि त्याने खूप जणांचे व्हिडिओ अडकतात. अमेरिकेतल्याच दोन अपील न्यायालयांचे निकाल पाहा. २००५ मध्ये एकाने फंकाडेलिक या बँडच्या गिटारच्या दोन सेकंदांच्या सॅम्पलबद्दल सांगितलं, परवाना घ्या नाही तर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये दुसऱ्याने मॅडोनाच्या गाण्यातला ०.२३ सेकंदाचा ब्रासचा तुकडा इतका क्षुल्लक ठरवला की दावाच फेटाळला. प्रश्न सेकंदांचा नसतोच. पहिल्या निकालात तो परवान्याचा होता, दुसऱ्यात ऐकणाऱ्याला ती मूळची ओळख पटते का, याचा.

तुमच्या व्हिडिओवर यूट्यूबचा ‘कॉपीराइट क्लेम’ आला तर घाबरू नका. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा उत्पन्न हक्कधारकाकडे जाणं किंवा काही देशांत व्हिडिओ न दिसणं. ‘स्ट्राइक’ ही वेगळी आणि गंभीर गोष्ट, त्यात व्हिडिओ काढला जातो आणि ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जाऊ शकतं. क्लेम आल्यावर तो भाग कापणं, गाण्याचा आवाज बंद करणं किंवा दुसरं गाणं घालणं हे पर्याय तिथेच मिळतात. परवाना खरोखर असेल तरच हरकत नोंदवा, समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. आणि एक चूक सर्रास होते: गाणं स्वतः गायलं म्हणून क्लेम येणार नाही असं धरलं जातं. तुम्ही नवं रेकॉर्डिंग केलंत, रचना तरीही दुसऱ्याचीच आहे.

असं असेल तर नवं कुणी करायचं कसं?

ही भीती खरी आहे आणि ‘ब्लर्ड लाइन्स’नंतर ती पुष्कळ वाढली. वातावरण सारखं असणं हाच गुन्हा ठरला तर फंकच काय, लावणीसुद्धा पुढे जाणार नाही, कारण प्रत्येक लावणीत आधीच्या शंभर लावण्यांची ढोलकी असते. नंतर काटा परत फिरला. २०२० मध्ये लेड झेपेलिन या बँडच्या ‘स्टेअरवे टु हेवन’च्या बाजूने अपिलात निकाल गेला. गायिका केटी पेरीविरुद्धचा २०१९ चा निकाल पुढच्याच वर्षी फिरवला गेला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गायक एड शीरन जिंकला, तिथे वाद चार कॉर्डच्या नेहमीच्या मालिकेचा होता. सगळ्यांचे सामायिक घटक सगळ्यांनाच वापरता येतात, ही बाजू आता भक्कम आहे.

माझं मत असं की ‘अपटाउन फंक’ची तडजोड या कसोटीवरही योग्य ठरते. लय, कॉर्ड, ब्रास यांसाठी कुणाला काही द्यायला नको होतं. घोषाच्या त्या साच्यासाठी द्यायलाच हवं होतं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून ती कुठून घेतली ते छापलेलं असायचं. त्याने ना नाटककाराला कमीपणा आला, ना गायकाला. श्रेयनामावलीतली पाच नावं ही तशीच नोंद आहे, फरक इतकाच की इथे नोंदीबरोबर पैसेही जातात.

आपल्या कायद्यात हे पैसे जाण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने बळकट केली. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क तीन वेगवेगळे. दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देण्याचा करार करता येत नाही. तो वाटा वारसांना देता येतो, नाही तर वसुली करणाऱ्या संस्थेकडे सोपवता येतो. त्याआधी एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देणं ही रीतच होती.

रॉबर्ट विल्सन यांचं नाव

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रचनेचा हक्क रचनाकाराबरोबर संपत नाही. अनेकांनी मिळून केलेल्या रचनेला अमेरिकेत शेवटचा सहरचनाकार वारल्यानंतर ७० वर्षं संरक्षण असतं, भारतात ६०. १९७९ च्या त्या गाण्याचा हक्क चालू होता, त्यातला साचा २०१४ च्या गाण्यात आला, म्हणून रॉबर्ट विल्सन यांचं नाव नोंदवलं गेलं आणि त्यांचे ३.४ टक्के त्यांच्यामागे राहिलेल्यांचे झाले.

२०१८ मध्ये ब्रूनो मार्सवर कृष्णवर्णीयांचं संगीत वापरून मोठा झाल्याची टीका झाली, तेव्हा त्याच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिलेल्यांत रॉबर्ट यांचे भाऊ चार्ली विल्सनही होते. गॅप या नावातली तीन इंग्रजी अक्षरं टल्सातल्या ग्रीनवूड, आर्चर आणि पाइन या तीन रस्त्यांच्या नावांची आहेत. त्यातला ग्रीनवूड भाग १९२१ साली गोऱ्या जमावाने जाळला होता. तेव्हा तिथे कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने, थिएटरं होती. त्याच गावातल्या भावांनी पुढे १९७९ मध्ये तो पाच अक्षरांचा घोष रेकॉर्ड केला.